उमेदवारी, नोंद आणि नेमणूक : बीदर-गुलबर्गा भागातील दंतवैद्यकाची वाटचाल

दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण दैवाच्या उफराट्या वाटणीला उद्देशून आपण नेहमी वापरतो. बीदर आणि गुलबर्गा या सीमावर्ती जिल्ह्यांतील दंतवैद्यकाचा इतिहास चाळू लागले म्हणजे ही म्हण त्या धंद्याला शब्दशः लागू पडते असे दिसून येते. एके काळी ठणकणाऱ्या दाढा घरोघर होत्या, पण शास्त्र शिकलेला दंतवैद्य पंचक्रोशीत मिळत नसे. पुढे महाविद्यालये निघाली, दरवर्षी पदवीधर बाहेर पडू लागले, आणि मग त्यांना पोटापुरती जागा मिळण्याची पंचाईत झाली.

राजघराणी, लढाया, देवालये, मठ यांचे इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहेत, आणि ते योग्यच आहे. परंतु एखाद्या धंद्यात माणूस शिरतो कसा, त्याला कामावर ठेवतो कोण, आणि ठेवताना त्याच्या हातातील कसब पाहतो की कागद पाहतो, हाही समाजाच्या इतिहासाचाच भाग होय. या प्रश्नाचे उत्तर येथे प्रत्येक पिढीत बदलले. मात्र कसब आणि कागद यांचा मेळ कधीच नीट बसला नाही, आणि त्या बेमेळाचा भार दरवेळी धंद्यातील सर्वांत धाकट्या माणसावर पडला. हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गुरूजवळची उमेदवारी

दंतचिकित्सा ही आपल्याकडे परदेशातून आलेली विद्या आहे, असा एक समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ सांगितली असून, शस्त्रांच्या यादीत दंतशंकू या शस्त्राचा स्वतंत्र उल्लेख आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, शिष्याने हात कसा बसवावा याचाही विचार त्या ग्रंथात केलेला आहे. उपटून काढण्याच्या क्रियेचा सराव फणस, बेलफळ यांच्या गरावर आणि मेलेल्या जनावरांच्या दातांवर करावा, असे तेथे सांगितले आहे. नुसते पाठांतर केलेल्या शिष्याच्या हाती जिवंत माणसाचा जबडा देऊ नये, हा विवेक त्या काळच्या आचार्यांना होता.

कालांतराने शस्त्रक्रिया ग्रंथी वैद्यांच्या हातून सुटत गेली आणि दात काढण्याचे काम न्हावी, जर्राह आणि जत्रेत बैठक मांडणारे दांतवाले यांच्याकडे आले. युरोपातही निराळे काही घडले नव्हते. तेथेही शतकानुशतके हजामच दात उपटीत असत. फ्रान्समधील प्येर फोशार याने १७२८ मध्ये दंतचिकित्सेवरील आपला प्रसिद्ध ग्रंथ छापला, आणि अमेरिकेतील बाल्टिमोर येथे १८४० मध्ये जगातील पहिले दंतमहाविद्यालय निघाले, तेव्हा कोठे या धंद्याला शास्त्राची प्रतिष्ठा लाभू लागली.

या जुन्या व्यवस्थेत नोकरी आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. मुलगा एखाद्या उस्तादाजवळ राहावयाचा, सांडशी धुवावयाची, दुखणाइताचे डोके धरावयाचे, औषध कुटावयाचे, आणि काही वर्षांनी उस्तादाच्या नजरेखाली स्वतः दाढ काढावयाची. यालाच उमेदवारी म्हणत. हा शब्द फार्सीतील उमेद म्हणजे आशा यावरून आला आहे. पुढे काम मिळेल या आशेवर आज फुकट किंवा अल्प मोबदल्यात राबणारा, तो उमेदवार. आज आपण अर्ज करणाऱ्याला उमेदवार म्हणतो, परंतु शब्दातील मूळचे राबणे त्यातून गळून गेले आहे आणि आशा तेवढी शिल्लक राहिली आहे.

मुलकी आणि गैरमुलकी

बीदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सरकारी नोकरीत कोणाला घ्यावयाचे याविषयी त्या संस्थानाचे नियम कडक होते. उत्तर हिंदुस्थानातून येणाऱ्या शिकलेल्या लोकांना मोठ्या जागा मिळतात आणि स्थानिक मागे राहतात, ही तक्रार तेथे जुनी होती. त्यावर उपाय म्हणून मुलकी नियम आले आणि १९१९ च्या फर्मानाने ते पक्के झाले. संस्थानात जन्मलेला, किंवा ठरावीक अटींवर पंधरा वर्षे तेथे कायम वास्तव्य केलेला, तो मुलकी. बाकीचे गैरमुलकी. सरकारी नोकरीवर पहिला हक्क मुलकीचा, आणि गैरमुलकीला घ्यावयाचे तर खास परवानगी हवी, असा हा दंडक होता.

तत्त्व म्हणून हा नियम स्थानिकांच्या बाजूचा होता. परंतु ज्या विद्येची शाळाच संस्थानात नाही, त्या विद्येत मुलकी माणूस यावयाचा कोठून? दंतवैद्यकाच्या बाबतीत नेमके हेच घडले. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास हिंदुस्थानातील पहिले दंतमहाविद्यालय काढले. मुंबईच्या नायर रुग्णालयाचे दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये, तर लाहोरचे १९३४ मध्ये सुरू झाले. हैदराबादेत मात्र उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उभे असूनही दंतविद्येचे स्वतंत्र महाविद्यालय संस्थान असेपर्यंत निघाले नाही. भालकीच्या किंवा आळंदच्या मराठी मुलाने दंतवैद्य व्हावयाचे म्हटले, तर घरी मराठी, बाजारात कानडी, कचेरीत उर्दू आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा चार भाषांचे ओझे घेऊन त्याला मुंबई नाहीतर कलकत्ता गाठावे लागले असते. एवढा खर्च आणि एवढा धीर किती घरांना परवडणार?

शिकून बाहेर पडलेल्यांची वाटही त्या काळी ठरलेली होती. शिक्षण संपले की मोठ्या शहरात स्वतःचा दवाखाना थाटावयाचा. बॅरिस्टर जिना यांच्या भगिनी फातिमा जिना यांनी कलकत्त्यास दंतवैद्यक शिकून १९२३ मध्ये मुंबईत आपला दवाखाना उघडला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पगारी जागा म्हणजे मोजकी रुग्णालये, आणि १९४१ मध्ये युद्धकाळात उभे राहिलेले लष्करी दंतदल. जिल्ह्याच्या गावी दंतवैद्याची कायम जागा ही कल्पनाच तेव्हा रुजली नव्हती.

साऱ्या देशाचेच चित्र दारिद्र्याचे होते. आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे तीन लाख लोकांमागे एक शिक्षित दंतवैद्य असे प्रमाण दिले होते, आणि १९७१ पर्यंत ते चार हजारांमागे एक इतके आणावे असे सुचविले होते. जे एवढे थोडे होते ते कोठे बसत असतील हे सांगावयास नको. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास यांच्या पेठा सोडून औरादच्या आठवडी बाजारात कोण येणार? तेथे जुना उस्तादच दाढ काढीत राहिला, आणि त्याच्याजवळ उमेदवारी करणारा पोरही तसाच राहिला.

१९४८ ची दोन वळणे

१९४८ हे वर्ष या कथेत दोन वेळा येते. पहिला प्रसंग मार्चमधील आहे. दंतवैद्यकाचा धंदा नियमात आणणारा केंद्रीय कायदा २९ मार्च १९४८ रोजी अमलात आला, आणि त्यानुसार १९४९ च्या एप्रिलमध्ये भारतीय दंतपरिषदेची स्थापना झाली. दुसरा प्रसंग सप्टेंबरमधील. १३ ते १७ सप्टेंबर या दिवसांत पोलीस कारवाई झाली आणि हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. म्हणजे कायदा झाला त्या दिवशी बीदर आणि गुलबर्गा त्याच्या कक्षेबाहेर होते. पुढे विलीनीकरण आणि राज्यरचना यांच्या ओघात तो येथवर पोहोचला.

या कायद्याने धंद्याच्या दारावर नोंदवही ठेवली. दंतवैद्यांच्या नोंदवहीचे दोन भाग केले. पहिल्या भागात मान्यताप्राप्त पदवी घेतलेले, आणि दुसऱ्या भागात पदवी नसलेले, परंतु ठरावीक तारखेपूर्वी किमान पाच वर्षे दंतवैद्यक हेच उपजीविकेचे मुख्य साधन म्हणून करीत आलेले. अशीच सोय इंग्लंडमध्ये १९२१ च्या कायद्याने केली होती. तेथेही पदवी नसलेल्या, पण पाच वर्षे धंदा केलेल्या लोकांना एकदाच नोंदणीची संधी दिली गेली आणि मग दार लावले गेले.

ही योजना शहाणपणाची होती यात शंका नाही. दुखणाइताचे रक्षण व्हावे म्हणून अशिक्षित हातांना बंदी हवी, आणि ज्यांनी हयात घालविली त्यांच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून सवलतही हवी. तथापि या दुसऱ्या भागाचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. तेथे नाव आले ते उस्तादाचे. त्याच्या हाताखाली दोन-तीन वर्षे राबलेल्या शागिर्दाची पाच वर्षे भरलेली नव्हती, आणि तो स्वतंत्र धंदा करीत नसल्यामुळे त्याला नोंदीचा आधारही नव्हता. उस्ताद डॉक्टर झाला आणि शागीर्द जागच्या जागी राहिला. ज्या उमेदीवर त्याने उमेदवारी केली, तिला यापुढे कायद्याने फळ येणार नव्हते. उमेदवारी हा शिक्षणाचा मार्ग होता तो त्या दिवशी बंद झाला, आणि ती केवळ मजुरी उरली.

कायद्याने आणखी दोन नोंदवह्या ठेवल्या होत्या. दातांवरील कीट काढून ते स्वच्छ करणारा आणि निगा शिकविणारा दंतस्वच्छक, आणि कवळी तयार करणारा व दुरुस्त करणारा दंतयांत्रिक, असे दोन सहायक वर्ग त्याने मान्य केले. मात्र खुर्चीशेजारी उभा राहून दिवसभर साहित्य देणारा, ज्याला आपल्याकडे सरसकट कंपाउंडर म्हणतात, त्याचे नाव त्या कायद्यात कोठेच आले नाही. या वगळलेल्या माणसाकडे आपण पुढे वळणारच आहोत.

जिल्हा फुटला, महाविद्यालये आली

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली आणि जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हा भाग मुंबई राज्यात गेला. जहीराबाद व नारायणखेड आंध्रात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद हा भाग गुलबर्ग्यासह म्हैसूर राज्यात आला. सोयरीक, शेती, देवस्थानाचे मानपान ही सारी एकाच जिल्ह्यातील माणसे पाहता पाहता तीन राज्यांची प्रजा झाली.

दंतवैद्यकाच्या बाबतीत या रेषेचा परिणाम असा झाला की, नोंदवही राज्याराज्याची वेगळी, महाविद्यालयातील प्रवेशाचे नियम वेगळे, आणि सरकारी जाहिरातीची भाषाही वेगळी. उदगीरचा दंतवैद्य भालकीस येऊन धंदा करू पाहील, तर त्याला एका राज्याच्या नोंदवहीतून दुसरीत नाव बदलून घेणे आले. तशी तरतूद कायद्यात आहे, आणि ती उपयोगीही आहे. पण जे अंतर पूर्वी बैलगाडीने एका दिवसात तुटत असे, त्याच्या मध्ये आता कचेऱ्यांचे दार उभे राहिले.

शिक्षणाच्या बाबतीत तर दैवाने थट्टाच केली. ज्या हैदराबादेकडे बीदरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राजधानी म्हणून पाहत आली, तेथे सरकारी दंतमहाविद्यालय १९५९ मध्ये निघाले, म्हणजे बीदर त्या राज्यातून वेगळे झाल्यावर तीन वर्षांनी. नव्या राज्याचे सरकारी दंतमहाविद्यालय १९५८ मध्ये बेंगळुरास झाले. बीदरहून हैदराबाद दीडशे किलोमीटरांच्या आत, तर बेंगळूर सुमारे सातशे किलोमीटर. जवळचे परके झाले आणि आपले म्हणावयाचे ते दूर राहिले.

यानंतरचे पाऊल आपल्या कोंकणी वाचकांना अभिमानाचे वाटेल असे आहे. डॉ. टी. एम. ए. पै यांनी मणिपाल येथे १९५३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय काढले होते. त्याच्या जोडीला १९६५ मध्ये दंतमहाविद्यालय उभे राहिले, आणि खाजगी प्रयत्नातून दंतविद्या शिकविता येते हे देशाला दिसले. इकडे गुलबर्ग्यात महादेवप्पा रामपुरे यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये हैदराबाद-कर्नाटक शिक्षण संस्था स्थापन झाली होती. तिने १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय काढले आणि १९८६ मध्ये गुलबर्ग्यास दंतमहाविद्यालय सुरू केले. गोव्याचे दंतमहाविद्यालय १९८० चे आणि औरंगाबादचे सरकारी महाविद्यालय १९८२ चे. पुढे बीदर आणि लातूर येथेही दंतमहाविद्यालये झाली. कलकत्त्याची वाट पाहणाऱ्या या भागाच्या चहूबाजूंस एका पिढीत दंतविद्येची केंद्रे उभी राहिली, ही लहानसहान गोष्ट नव्हे.

तरी या वाढीला दुसरी बाजू आहे. खाजगी महाविद्यालयांतील देणग्यांचा प्रश्न इतका वाढला, की कर्नाटक सरकारला १९८४ मध्ये देणगीबंदीचा कायदा करावा लागला. महाविद्यालये भराभर निघू लागली म्हणून १९९३ च्या दुरुस्तीने नव्या महाविद्यालयाला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक ठरली. आज देशात तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये असून, दरवर्षी पंचवीस हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना पदवीसाठी प्रवेश देण्याइतक्या जागा आहेत. कर्नाटक त्यांत अग्रभागी आहे. परंतु पदव्या वाढल्या त्या मानाने सरकारी जागा वाढल्या नाहीत, आणि खेड्यातील माणसाच्या खिशातील पैसाही वाढला नाही.

परिणामी नव्या पदवीधरापुढे तीन वाटा उरतात. पहिली, कर्ज काढून स्वतःची खुर्ची मांडणे. दुसरी, महाविद्यालयात शिकविणे, परंतु तेथे वर चढावयास पदव्युत्तर पदवी लागते. तिसरी, दुसऱ्याच्या दवाखान्यात दिवसावर किंवा कामाच्या हिश्श्यावर बसणे. या तिसऱ्या वाटेवर नेमणुकीचा कागद पुष्कळदा नसतो. चार वर्षे शिकून आणि एक वर्ष रुग्णालयात सेवा करून आलेला तरुण पुन्हा उमेदवार होतो, जुन्या अर्थाने. उस्तादाच्या जागी आता दवाखान्याचा मालक असतो एवढाच फरक.

कायद्यात नाव नसलेला माणूस

आता त्या चौथ्या माणसाकडे वळू. अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स येथील दंतवैद्य सी. एडमंड केल्स यांनी १८८५ मध्ये माल्व्हिना क्युएरिया नावाच्या स्त्रीला आपली मदतनीस नेमले. दवाखान्यात स्त्री हजर आहे हे पाहून सभ्य घरच्या बायका निःसंकोच येऊ लागल्या, आणि या नेमणुकीचे मोल इतरांच्याही ध्यानात आले. कनेक्टिकटमधील आल्फ्रेड फोन्स यांनी आपल्या दवाखान्यातील आयरीन न्यूमन हिला १९०६ मध्ये दात स्वच्छ करण्याचे शिक्षण दिले, आणि १९१३ मध्ये त्या कामासाठी शाळाच काढली. न्यूझीलंडने १९२१ पासून तरुण मुलींना दोन वर्षांचे शिक्षण देऊन शाळकरी मुलांच्या दातांची जबाबदारी त्यांच्यावर सोपविली. या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान होती. मदतनिसाच्या हातातील कसब ओळखले गेले, आणि मग त्या कसबाला शिक्षणाचा व नावाचा आधार दिला गेला.

आपल्याकडे कसब ओळखले गेले, पण आधार मिळाला नाही. सीमाभागातील कोणत्याही लहान दवाखान्यात जाऊन पाहा. सकाळी दार उघडणारा, उपकरणे निर्जंतुक करणारा, दातात भरावयाचा मसाला कालविणारा, कवळीच्या मापात प्लास्टर ओतणारा, वहीत नाव टिपणारा आणि रडणाऱ्या मुलाला गप्प करणारा मनुष्य बहुधा एकच असतो. तो ओळखीने लागलेला असतो, कोणाच्या तरी चिठ्ठीने आलेला असतो. दहा वर्षांनी तो दुसरीकडे जाऊ म्हणाला, तर दाखविण्यासारखा कागद त्याच्याजवळ नसतो.

यातून दोन अनर्थ होतात. शिकून तयार झालेला मदतनीस कंटाळून निघून जातो आणि दवाखान्याला पुन्हा नव्या माणसापासून सुरुवात करावी लागते. किंवा तो आपल्या कसबावर विसंबून कोठेतरी स्वतःच सांडशी हाती धरतो, आणि कायदा मोडतो. अशा माणसाला भोंदू म्हणून धिक्कारणे सोपे आहे, आणि दुखणाइताच्या जिवाचा विचार करता त्याला अडविलेच पाहिजे. परंतु त्याला सरळ मार्गाने वर चढण्याची शिडी आपण कधी ठेवली होती काय, हा प्रश्नही स्वतःला विचारला पाहिजे.

शिडी अगदीच नाही असेही नाही. दंतयांत्रिक आणि दंतस्वच्छक यांचे दोन वर्षांचे पदविका-अभ्यासक्रम आहेत. कर्नाटक सरकारच्या दंतभाग्य योजनेत गरीब वृद्धांना मोफत कवळ्या देण्याचे काम दंतमहाविद्यालयांमार्फत चालले. त्या प्रत्येक कवळीमागे मेणात दात बसविणारा, साचा भरणारा आणि घासूनपुसून चकाकी देणारा यांत्रिक असतो. सामूहिक आरोग्य केंद्रांच्या राष्ट्रीय मानकांतही दंतवैद्याबरोबर त्याच्या मदतनिसाला स्थान दिले आहे. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांनी तर असे बंधन घातले आहे की, हा कचरा हाताळणाऱ्या कामगाराला नेमणुकीच्या वेळी व पुढे दरवर्षी प्रशिक्षण द्यावे, आणि काविळीची व धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. वापरलेली सुई रोज उचलणाऱ्या मुलाचा हा हक्क आहे. त्याच्या मालकाने आणि त्याच्या आईबापांनीही तो जाणून घेतला पाहिजे.

पुन्हा एकदा स्थानिकाचा कागद

राज्यरचनेनंतर मुलकी नियमांचे संरक्षण या जिल्ह्यांतून गेले. सरकारी नोकरीसाठी वास्तव्याची अट घालण्यास १९५७ च्या केंद्रीय कायद्याने आळा घातला. त्यातून तेलंगणासारखे काही भाग तात्पुरते वगळले गेले, परंतु हैदराबाद-कर्नाटकाला ती सवलत मिळाली नाही. जुने संरक्षण गेले आणि नवी शाळा-महाविद्यालये अद्याप यावयाची होती, अशा अवस्थेत या भागाने राज्याच्या प्रगत जिल्ह्यांशी स्पर्धा केली. तिचा निकाल काय लागला हे नंजुंडप्पा समितीच्या २००२ च्या अहवालात दिसते. राज्यातील ३९ अतिमागास तालुक्यांपैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागातले होते.

दीर्घ चळवळीनंतर, ज्यात वैजनाथ पाटील यांच्यासारख्या नेत्यांचा वाटा मोठा होता, २०१२ मध्ये संसदेने घटनादुरुस्ती संमत केली आणि ३७१-जे हे कलम आले. त्याखालील २०१३ च्या आदेशाने या भागातील सरकारी जागांत स्थानिकांसाठी राखीव वाटा ठरला. वरच्या गटांत ७५ टक्के, तिसऱ्या गटात ८० टक्के, चौथ्या गटात ८५ टक्के. शैक्षणिक जागांतही या भागातील विद्यार्थ्यांसाठी मोठा वाटा राखला गेला. पूर्वीच्या मुलकीला पंधरा वर्षांचे वास्तव्य लागत असे, येथे जन्माने किंवा दहा वर्षांच्या वास्तव्याने स्थानिक ठरतो. शंभर वर्षांच्या फेऱ्यानंतर प्रश्न पुन्हा त्याच जागी आला : तू येथला आहेस याचा कागद दाखव.

या कलमाने सरकारी दवाखान्यातील दंतवैद्याच्या जागेला आणि महाविद्यालयातील प्रवेशाला खरी मदत होते, हे नाकारता येणार नाही. सीमाभागातील मराठी कुटुंबांनीही हा दाखला वेळेवर काढून ठेवावा. घरी मराठी बोलले जाते म्हणून हक्क कमी होत नाही. तथापि नोकरीसाठी कानडी लिहिता-वाचता येणे अगत्याचे आहे, हेही मुलांना लहानपणीच सांगितले पाहिजे. मात्र हे कलम खाजगी दवाखान्याच्या दारापाशी थांबते, आणि दंतवैद्यकातील बहुतेक नेमणुका तर त्या दाराच्या आतच होतात.

आणखी एक गुण असा आहे, की जो कोणत्याही कागदावर येत नाही. गाणगापूरच्या किंवा माणिकनगरच्या यात्रेस गेलेल्या वाचकांना ठाऊक आहे की, या भागात एकाच ओसरीवर मराठी, कानडी, दखनी उर्दू आणि तेलुगू कानांवर पडतात, आणि तांड्यावरून आलेली लमाणी बोली वेगळीच. दुखणे म्हणजे ठणका की कळ, गार पाण्याने झिणझिणते की रात्री उसळी मारते, हे दुखणाइत आपल्या बोलीतच सांगतो. पदवीधर दूरच्या जिल्ह्यातला असेल, तर हे त्याला समजावून देणारा तोच नोंद नसलेला मदतनीस असतो. नेमणुकीच्या जाहिरातीत वय, शिक्षण, अनुभव हे सारे विचारतात, परंतु किती बोलींत दुखणे समजते हे कोणी विचारीत नाही.

समाजाने काय करावे

१९४८ च्या कायद्याच्या जागी आणावयाचा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये मंजूर केला. कायदे बदलतील, परिषदांची नावे बदलतील. त्यांची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही, कारण काही गोष्टी आपल्याच हातच्या आहेत.

आपली देवस्थाने, मंडळे आणि विश्वस्त-निधी हुशार मुलांना डॉक्टरकीसाठी शिष्यवृत्त्या देतात. ते चालूच राहावे. पण दंतयांत्रिकाच्या किंवा दंतस्वच्छकाच्या दोन वर्षांच्या पदविकेला जाणाऱ्या मुलामुलीला तशीच मदत मिळाली, तर तेवढ्याच पैशात अधिक घरांत चूल पेटेल. ज्यांचे स्वतःचे दवाखाने आहेत, त्यांनी मदतनिसाला नेमणुकीचे साधे पत्र द्यावे, पगार व कामाचे तास त्यात लिहावेत, लस टोचून घ्यावी, आणि तो सोडून जाताना त्याने काय काय शिकले याचा दाखला द्यावा. नव्या पदवीधराला बसविताना हिश्श्याचा हिशोब तोंडी न ठेवता कागदावर आणावा. यांपैकी कोणत्याही गोष्टीला सरकारी मंजुरी लागत नाही. आणि शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी चिठ्ठी-वशिल्याच्या मागे लागण्यापूर्वी नोंद, स्थानिकतेचा दाखला आणि भाषा या तीन गोष्टी आपल्या पदरी आहेत की नाहीत, हे पाहावे.

२०१७ च्या ऑक्टोबरात बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग सुरू झाला आणि दोन जिल्ह्यांतील अंतर कमी झाले. आता सकाळी हुमनाबादेहून निघालेला विद्यार्थी कलबुर्गीच्या महाविद्यालयात शिकू शकतो. त्याच गाडीत एखादा दवाखान्यातला मदतनीसही बसलेला असेल. पहिल्याच्या पिशवीत पदवीचे पुस्तक असते, दुसऱ्याच्या बोटांत दहा वर्षांचे कसब असते. सुश्रुताच्या काळी या दोन गोष्टी एकाच शिष्याच्या ठिकाणी असाव्यात असा आग्रह होता. त्या दोघांनाही आपल्या कामाचा कागद आणि कामाप्रमाणे दाम मिळेल, तेव्हाच या भागात दंतवैद्यकाचा धंदा खऱ्या अर्थाने रुजला असे म्हणता येईल.